पडद्यावरचा मिनार आणि घरासमोरचे झाड

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन हिंदी चित्रपट पाहायला गेलो होतो. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा, चिपळूणजवळच्या गोवळकोटचा, मराठी शाळेत चौथीत शिकणारा. चित्रपट सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. पडद्यावर एक मिनार दिसला. मागून अजानचा आवाज आला. कॅमेरा मिनारावरून हळूहळू खाली उतरला आणि एका अरुंद गल्लीत शिरला. टोप्या घातलेली माणसे, खाटकाचे दुकान, दाराआडून पाहणारे डोळे. भाच्याने अंधारात माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारले, "मामू, आता बॉम्ब फुटणार ना?"

काही मिनिटांनी तो फुटला.

मुलगा हुशार निघाला, असे म्हणून मी हसायला हवे होते. मला हसू आले नाही. आदल्या दिवशी पहाटे हाच मुलगा घरामागच्या मशिदीतली अजान ऐकून उठला होता. नवे कपडे घालून, अत्तराचा फाया कानात ठेवून माझ्याबरोबर ईदगाहवर आला होता. अजान त्याच्यासाठी दिवसातून पाच वेळा कानावर पडणारी, आईने चुलीवरचे भांडे उतरवून डोक्यावर ओढणी घेण्याची वेळ. मिनार म्हणजे क्रिकेट खेळताना चेंडू अडकतो ती जागा. तोच मिनार आणि तीच अजान पडद्यावर आली तेव्हा मात्र त्याला भीती वाटली. कोणी शिकवले त्याला हे? घरात कोणी नाही, शाळेतही कोणी नाही. पाच-पंचवीस चित्रपट पाहून तो स्वतःच शिकला होता. ज्याच्या घराचा पत्ता मिनाराजवळचा आहे, त्यानेच मिनाराला घाबरायला शिकावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. त्याच्याविषयीच थोडे लिहायचे आहे.

चित्रपटाला वेळ कमी असतो. कादंबरीकार शहराचे वर्णन दहा पाने करू शकतो. दिग्दर्शकाला दहा सेकंदात सांगावे लागते की आता आपण मुंबईत आहोत. म्हणून गेट वे ऑफ इंडिया येतो, व्ही. टी. स्टेशन येते, मरीन ड्राइव्हचे दिवे येतात. दिल्ली म्हटले की इंडिया गेट किंवा लाल किल्ला, हैदराबाद म्हटले की चारमिनार, कोलकाता म्हटले की हावडा पूल. 1995 सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'ची सुरुवात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात होते. अमरीश पुरी कबुतरांना दाणे घालत उभे आहेत. त्या चौकाने एका क्षणात सांगितले की हा माणूस परक्या देशात आहे, आणि मग मोहरीच्या पिवळ्या शेताने सांगितले की त्याचे मन कुठे आहे. दोन जागा, दोन देश. एकही वाक्य समजावून सांगावे लागले नाही.

यात गैर काही नाही. आपणही रोजच्या जीवनात हेच करतो. शितावरून भाताची परीक्षा, असे आपल्याकडे म्हणतात. पण ही म्हण कोणत्या अटीवर खरी ठरते, याचा विचार आपण सहसा करत नाही. सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असेल तरच एका शिताने परीक्षा होते. शिवाय स्वयंपाक करणारी बाई पळीला लागेल ते शीत उचलते, निवडून उचलत नाही. देश हा एका पातेल्यातला भात नाही. आणि चित्रपट करणारा माणूस शीत निवडून उचलतो. ते निवडतानाच त्याची नैतिक जबाबदारी सुरू होते. एक जागा दाखवून तो साऱ्या देशाविषयी, किंवा देशातल्या एका समाजाविषयी बोलतो. मग ती जागा त्याने का निवडली, आणि तिच्याकडून काय वदवून घेतले, हे विचारण्याचा हक्क त्या जागेत राहणाऱ्यांना आहे.

जागेचा अर्थ दगडात कोरलेला नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवे. गेट वे ऑफ इंडियाचेच पाहा. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 साली मुंबईत उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधायला घेतली आणि 1924 साली ती पुरी झाली. साम्राज्याच्या वैभवाची ती खूण होती. तिच्या रचनेत जॉर्ज विटेट या वास्तुकाराने गुजरातेतल्या सोळाव्या शतकातील मुस्लिम वास्तुकलेचे घटक घेतले. 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली, आणि राजाच्या स्वागताची कमान स्वतंत्र देशाची खूण झाली. दगड तेच राहिले. दिल्लीच्या इंडिया गेटचेही तसेच. 1931 साली पुरी झालेली ही वास्तू इंग्रजांसाठी लढून मेलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक. 1972 साली तिथे अमर जवान ज्योत पेटली. 2022 सालच्या जानेवारीत ती शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली. मधल्या काळात, 2006 साली आलेल्या 'रंग दे बसंती'त तरुण मुले तिथे मेणबत्त्या घेऊन जमतात. त्याच वर्षी जेसिका लाल खून खटल्यातील निकालाविरुद्ध खरोखरचे लोक तिथे मेणबत्त्या घेऊन जमले. पडद्यावर पाहिलेली जागा लोकांनी आपल्या हातात घेतली. चित्रपट जागेला अर्थ देतो आणि तो अर्थ पुढे लोक जगू लागतात. चांगला अर्थ असेल तर उत्तमच. वाईट असेल तर तोही लोक जगतातच, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पडद्यावर 'हा भारत आहे' असे सांगायचे असते तेव्हा कोणत्या वास्तू येतात, याची यादी करून पाहावी. ताजमहाल, लाल किल्ला, कुतुबमिनार, चारमिनार, फतेहपूर सिक्री. ही सगळी बांधकामे मुसलमान राज्यकर्त्यांच्या काळातली. स्वतंत्र देशाचा पंतप्रधान दर 15 ऑगस्टला शाहजहानने बांधलेल्या किल्ल्याच्या तटावरून देशाशी बोलतो. यात आपल्याला आनंदच आहे. परंतु त्याच चित्रपटात 'इथे धोका आहे' असे सांगायचे असते तेव्हा काय येते? तेही मिनारच. फरक एवढाच की पहिल्या यादीतला मिनार जुना असतो, तिथे तिकीट काढून जावे लागते आणि आत कोणी राहत नाही. दुसऱ्या यादीतल्या मिनाराखाली माणसे राहतात. दगड देशाचे आणि माणसे संशयाची, अशी ही वाटणी आहे. मेलेल्या बादशहाचा मिनार आपला वारसा ठरतो. जिवंत शिंप्याच्या, बेकरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या मोहल्ल्यातला मिनार कॅमेऱ्याला संशयास्पद वाटतो.

नेहमीच असे होते, असेही नाही. 1983 सालच्या मनमोहन देसाईंच्या 'कुली'चा शेवट हाजी अलीच्या दर्ग्यात होतो. इक्बाल नावाचा हमाल तिथे गोळ्या झेलतो आणि सारे प्रेक्षागृह त्याच्यासाठी दुवा मागते. त्या चित्रपटात वास्तवाचा फारसा अंश नव्हता, हे मान्य. पण दर्गा तिथे आसरा म्हणून आला होता. समुद्रातल्या त्या छोट्या वाटेवर कोणत्याही धर्माचा माणूस चालत जातो, हे मुंबईकरांच्या रोजच्या अनुभवाचे चित्रपटात पडलेले बिंब होते. मग 1992 चा डिसेंबर आला, 1993 चा जानेवारी आला, आणि 12 मार्चचे बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर भेंडी बाजार, डोंगरी, मोहम्मद अली रोड ही नावे पडद्यावर उच्चारली की प्रेक्षक सावरून बसू लागला.

या ठिकाणी 2008 सालच्या 'आमिर' या चित्रपटाचा विचार करणे योग्य ठरेल, कारण तो वाईट हेतूने काढलेला चित्रपट नाही. लंडनहून परतलेला एक तरुण मुसलमान डॉक्टर. विमानतळावर नावामुळेच त्याची अडवणूक होते. मग एक अनोळखी आवाज त्याच्या कुटुंबाला ओलीस ठेवून, फोनवरून हुकूम सोडत, त्याला मुंबईच्या मुस्लिम वस्तीतून फिरवतो. शेवटी त्याच्याकडून बॉम्ब ठेवून घ्यायचा असतो. तो निरपराध माणसांना मारायला नकार देतो आणि स्वतः मरतो. नायक मुसलमान आहे, सज्जन आहे, त्याचे बलिदान आपल्याला हेलावते. पण त्याच्याभोवतीची वस्ती? तिथला चहावाला, पानवाला, खिडकीतली बाई, प्रत्येकाची नजर कटात सामील असल्यासारखी दिसते. म्हणजे माणूस सुटला आणि मोहल्ला अडकला. नायक चांगला, कारण तो इथला नाही. इथे राहणारे मात्र सगळेच संशयित. ज्यांच्या वस्तीत हे चित्रण झाले त्यांतल्या किती जणांना पडद्यावर आपली गल्ली ओळखता आली असेल, आणि ओळखल्यावर काय वाटले असेल?

यावर चित्रपटवाल्यांची दोन उत्तरे असतात. पहिले असे की स्फोट तर झालेच होते, गुन्हेगार तिथलेच होते, मग दाखवू नये का? दाखवावे, जरूर दाखवावे. आपल्यातल्या गुन्हेगारांना झाकण्याची मागणी मी करणार नाही. तशी मागणी करणारे आपले शत्रूच आहेत. पण गुन्हा माणूस करतो, गल्ली करत नाही. दलाल स्ट्रीटवर कोट्यवधींचे घोटाळे झाले. शेअर बाजाराची इमारत दिसली की 'आता चोरी होणार' असे कोणा मुलाला वाटत नाही, कारण त्या इमारतीची इतरही शंभर चित्रे त्याने पाहिलेली असतात. मोहल्ल्याचे दुसरे चित्र त्याला दाखवलेलेच नसते. अन्याय एका चित्रात नसतो, दुसऱ्या चित्राच्या अभावात असतो.

दुसरे उत्तर असे की कॅमेरा जे आहे ते दाखवतो. हे उत्तर तर टिकतच नाही. 2006 च्या 'फना'तले बर्फाळ काश्मीर पोलंडमध्ये चित्रित झाले होते. 2009 च्या 'दिल्ली-6' मधली जुनी दिल्ली बऱ्याच अंशी राजस्थानातल्या सांभर गावी उभी केली होती. अडचणी असतात, परवानग्या मिळत नाहीत, गर्दी आवरत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण जो पोलंडमध्ये काश्मीर उभे करू शकतो त्याने 'आम्ही फक्त आहे ते टिपतो' असे म्हणू नये. पडद्यावरची प्रत्येक जागा हा एक निर्णय असतो आणि निर्णय घेणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो.

मग ओळखीच्या जागा वापरूच नयेत काय? तसेही नाही. इजिप्तचे एक उदाहरण देतो, कारण ओळखीच्या वास्तूंची श्रीमंती त्या देशाइतकी क्वचितच कोणाला लाभली असेल. पिरॅमिड दाखवला की जगातले कोणतेही मूल 'इजिप्त' म्हणेल. युसुफ शाहीन या दिग्दर्शकाने 1958 साली आपल्या देशाचे चित्र काढायला घेतले तेव्हा कैरोचे रेल्वे स्टेशन निवडले. चित्रपटाचे नावच त्या स्टेशनचे, 'बाब अल-हदीद'. लंगडत चालणारा पेपर विकणारा किनावी, ही भूमिका शाहीनने स्वतः केली. चोरून थंड पेये विकणारी हनूमा. आणि हमालांची संघटना उभी करू पाहणारा अबू सिरी. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या मध्ये हे लोक जगतात, भांडतात, प्रेम करतात, एकमेकांचा घात करतात. सुरुवातीला इजिप्तच्या प्रेक्षकांनी हा चित्रपट नाकारला. त्यांना आपला देश इतका उघडा पाहायचा नव्हता. आज अरबी चित्रपटांची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. ओळखीची जागा त्यानेही वापरली, पण तिथे तो थांबला, आणि तिथल्या माणसांना नावे दिली.

आपल्याकडे हे घडलेले नाही असे नाही. एकाच शहराची दोन चित्रे मला नेहमी आठवतात. शहर आग्रा. त्याची खूण सगळ्या जगाला ठाऊक आहे.

पहिले चित्र एम. एस. सथ्यू यांच्या 1973 सालच्या 'गर्म हवा'तले. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदी यांची पटकथा. फाळणीनंतरच्या आग्र्यात जोड्यांचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी. ताजमहाल या चित्रपटात येतो, फतेहपूर सिक्रीही येते. आग्र्यात राहणाऱ्या माणसाच्या जीवनात ती जशी येतात तशीच, म्हणजे तरुण मुलामुलींच्या भेटण्याच्या जागा म्हणून, मन्नत मागण्याच्या जागा म्हणून. चित्रपटाचा जीव मात्र एका हवेलीत आहे. ती थोरल्या भावाच्या नावावर असते, भाऊ पाकिस्तानात निघून जातो, आणि हवेली निर्वासितांच्या मालमत्तेत जमा होते. घर सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आई लाकडे ठेवण्याच्या अंधाऱ्या खोलीत लपून बसते. पुढे तिची शेवटची घटका आली की तिला डोलीत घालून त्याच घरात आणतात आणि तिथे तिचा जीव जातो. आणि सलीम मिर्झांवर हेरगिरीचा आरोप येतो. कशामुळे? कराचीतल्या भावाला त्यांनी हवेलीचा नकाशा पाठवला म्हणून. आपण जिथे जन्मलो त्या घराचा नकाशा शत्रूला दिलेला नकाशा ठरतो! जागा आणि देश यांचा संबंध किती क्रूर होऊ शकतो, हे यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. शेवटी हे कुटुंबही टांग्यात बसून स्टेशनकडे निघते. वाटेत मोर्चा लागतो, काम मागणाऱ्यांचा. आधी मुलगा उतरतो, मग बाप उतरतो आणि गर्दीत मिसळून जातो. मिर्झा या देशाचे ठरले ते त्या रस्त्यावर, इतरांबरोबर चालताना. ताजमहालाची साक्ष त्यांना काढावी लागली नाही.

दुसरे चित्र सईद अख्तर मिर्झा यांच्या 1995 सालच्या 'नसीम'मधले. हा चित्रपट मुंबईत घडतो, 1992 सालच्या जून ते डिसेंबरमध्ये. शाळकरी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांची भूमिका कैफी आझमींनी केली, ज्यांनी 'गर्म हवा' लिहिला होता. टीव्हीवर अयोध्येच्या बातम्या चालू असतात आणि आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगत असतात. घरातून एकदा त्यांना विचारले जाते की तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत? आता असा प्रश्न आला की आपण काय उत्तर देतो? आपण ताजमहाल काढतो, लाल किल्ला काढतो, अशफाकउल्ला खान काढतो, हवालदार अब्दुल हमीद काढतो. दाखले देतो. आजोबा दाखला देत नाहीत. ते म्हणतात, आग्र्याच्या आपल्या घरासमोर एक झाड होते. त्यांना आणि त्यांच्या बायकोला ते आवडत असे. एवढेच उत्तर. 6 डिसेंबरला, मशीद पडते त्या दिवशी, आजोबा जातात.

हे उत्तर पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते थोडे बालिश वाटले होते. वय वाढले तसे ते मला मोठे वाटू लागले. ताजमहालाचा दाखला देणारा माणूस आपण देशाचे आहोत हे सिद्ध करत असतो, आणि जो सिद्ध करतो त्याने प्रश्न विचारणाऱ्याला न्यायाधीश मानलेले असते. घरासमोरचे झाड सांगणारा माणूस काहीच सिद्ध करत नाही. मी इथला आहे कारण मी इथे राहतो, इथल्या एका झाडावर माझे प्रेम आहे, असे तो म्हणतो. कोणत्याही देशातला कोणताही माणूस आपल्या देशावर खरोखर असेच प्रेम करतो. वास्तू देशाची असते. झाड माणसाचे असते, आणि झाडातूनच माणूस देशापर्यंत पोचतो.

इथपर्यंत मी चित्रपटवाल्यांना बोल लावले. आता थोडे आपल्याकडेही पाहू, कारण या व्यवहारात आपण नुसते बळी नाही, भागीदारही आहोत.

1960 चा 'चौदहवीं का चाँद' लखनौचा, 1963 चा 'मेरे महबूब' अलीगढ आणि लखनौचा. नवाब, शेरवान्या, मुशायरे, चिलमनीआडच्या नाजूक बेगमा. हे चित्रपट आपण डोक्यावर घेतले. यांतल्या बऱ्याच चित्रपटांचे निर्माते, लेखक, गीतकार, नट मुसलमानच होते. माझी दादी कोकणातली. लखनौ तिने स्वप्नातही पाहिले नव्हते. ती तांदळाची भाकरी करी, भाताच्या लावणीला गुडघाभर चिखलात उभी राही, आमच्या कोकणी बोलीत शिव्या देई आणि त्याच बोलीत दुवाही देई. पण चित्रपट पाहून आली की आपली बोली तिला ओबडधोबड वाटू लागे. खरा मुसलमान असा बोलतो, असा राहतो, हे तिला पडद्याने सांगितले आणि तिने मानले. आम्हीही मानले. पाहुणे आले की घरात मोडकीतोडकी उर्दू सुरू होई. म्हणजे मिनाराच्या खुणेने भाच्याला भीती शिकवण्याआधी, लखनौच्या खुणेने दादीला लाज शिकवली होती. भीतीवर आपण लेख लिहितो. त्या लाजेविषयी बोलत नाही.

मराठी मुसलमानाची पडद्यावरची अडचण दुहेरी आहे. देश दाखवायचा तर ताजमहाल, मुसलमान दाखवायचा तर लखनौ नाहीतर भेंडी बाजार, आणि मराठी माणूस दाखवायचा तर गिरगाव-लालबाग किंवा पाटलाचा वाडा. या तिन्ही चौकटींत आम्ही बसत नाही. वास्तविक मराठीत आमचा पत्ता जुना आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांचा आवाज मैदाने भरून टाकत होता. आज जिला हुतात्मा चौक म्हणतात त्या मराठी अस्मितेच्या जागेवर त्या बार्शीच्या शाहिराचाही वाटा आहे. हमीद दलवाईंच्या 'इंधन' कादंबरीत, 1965 साली, चिपळूणकडचे मुसलमान आपल्या सगळ्या गुणदोषांसह मराठीत येऊन बसले. पुस्तकात जागा मिळाली, पण पडद्यावर आमच्यासाठी खूणच नाही. कोकणी, दख्खनी, मराठवाडी मुसलमानाची अशी कोणती वास्तू आहे की जी दाखवली की प्रेक्षक म्हणेल, 'हे ते'?

पूर्वी मला याचे वाईट वाटे. अलीकडे वाटते की हे एका अर्थी बरेच झाले. 2016 साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्यात परश्याचा मित्र सल्या आहे, सलीम शेख. तो पडद्यावर येतो तेव्हा मिनार दिसत नाही, अजान होत नाही, कव्वाली वाजत नाही. तो करमाळ्याकडची मराठी बोलतो, मित्रांबरोबर हुंदडतो, मैत्रीसाठी मार खातो. त्याचा धर्म त्याच्या नावात आहे आणि तेवढा पुरेसा आहे. महाराष्ट्रातल्या लाखो प्रेक्षकांनी त्याच्यावर प्रेम केले. सल्या कुठला, असे कोणी विचारले नाही, कारण तो कुठला हे दिसतच होते. ज्याला खूण नाही त्याला माणूस म्हणूनच दाखवावे लागते, असा याचा अर्थ मी लावतो. चुकत असेन तर वाचकांनी सांगावे.

एक शंका मात्र राहते. खूण नको म्हणताना आपण अदृश्य व्हायला तर तयार होत नाही ना? मिनार दाखवू नका, अजान ऐकवू नका, टोपी काढा, मग आम्ही चांगले दिसू, असे म्हणणे म्हणजे भीतीला शरण जाणे होईल. भाच्याच्या घरामागे मिनार आहे, तो आहेच. तो पडद्यावर यायला हवा, पण तिथे चेंडू अडकतो हेही त्याच्याबरोबर यायला हवे.

तो भाचा आता वीस-एकवीस वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो. मागच्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्याने मोबाइलवर दहा मिनिटांची फिल्म केली. विषय होता 'माझे शहर'. सुरुवात कशाने करू, असे त्याने मला फोनवर विचारले होते. मी मोठ्या माणसासारखे बरेच काही सुचवले: परशुरामाचे मंदिर, गोवळकोटचा किल्ला, वाशिष्ठीवरचा पूल. त्याने माझे काहीच ऐकले नाही. फिल्म एसटी स्टँडवर सुरू होते. 22 जुलै 2021 च्या पुरात जे पाण्याखाली गेले होते तेच स्टँड. बाकावर त्याची आई, म्हणजे माझी बहीण, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली आहे. शेजारी एक म्हातारी बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. पुराच्या रात्री कोणाच्या माळ्यावर कोण कोण बसले होते, याची दोघींत उजळणी चालली आहे. मधेच दुरून अजान ऐकू येते. बहीण बोलता बोलता पदर डोक्यावर घेते. म्हातारी बाई तेवढा वेळ गप्प राहते, पिशवीतले काहीतरी चाचपते, आणि अजान संपल्यावर विचारते, "हां, मग काय झालं?" मागून गुहागरची गाडी लागल्याची घोषणा होते.

फिल्म पाहून झाल्यावर मी त्याला विचारले, "अजान मुद्दाम घातलीस का रे?"

तो म्हणाला, "नाही मामू. रेकॉर्ड करत होतो तेव्हा झाली. काढून टाकू की ठेवू, एवढाच विचार केला."

त्याला स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांचे म्हणणे पडले की शहराची ओळख पटेल असे फिल्ममध्ये काही नाही.